मोटारीवाचून समुद्रकाठ

दिवाळीची गर्दी ओसरते, वहीपूजन होऊन नव्या वर्षाचे पहिले पान उघडते आणि व्यापारी घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. कोकणाचे नाव बहुधा पहिल्या दोन-तीन नावांतच निघते. नाव निघताच पुढचा प्रश्न गाडीचा असतो. गाडी कोणाची, माणसे किती मावतील, चालवणार कोण, या प्रश्नांचा निकाल लागल्यावर समुद्राचा विचार होतो. मग दोन दिवसांच्या सहलीतील बराचसा वेळ महामार्गावर जातो. घरातील एक कर्ता मुलगा सारे दिवस चाकाशी बांधलेला राहतो. किनाऱ्यावर पोहोचल्यावर मोटार उभी करण्याच्या जागेपासून शंभर-दोनशे पावलांत साऱ्यांचा समुद्र आटोपतो. घरातील वडीलधारी मंडळी पुष्कळदा तेवढेही उतरत नाहीत. काच खाली करून पाण्याकडे पाहतात आणि निघण्याची वाट पाहतात.

समुद्रकाठी चालणे हा ज्यांना खरा आनंद वाटतो, त्यांच्या मार्गात मोटार अनेकदा सोय म्हणून येते आणि अडचण होऊन बसते. कारण अगदी साधे आहे. मोटार जेथे उभी केली तेथे परत यावे लागते. किनारा मात्र सरळ रेषेसारखा लांबत गेलेला असतो. मोटारीने आलेला मनुष्य चार किलोमीटर चालला, तर त्यातील दोनच किलोमीटर नव्याने पाहिलेले असतात. उरलेले दोन परतीचे. आगगाडीने आणि एसटीने आलेल्याला हे बंधन नाही. तो एका गावी उतरतो, वाळूवरून पुढच्या गावी जातो आणि तेथून दुसरी गाडी धरतो. चाललेले प्रत्येक पाऊल त्याला नवीन किनारा दाखवते. म्हणून मोटारीवाचून समुद्रकाठ पाहणे ही केवळ काटकसर नव्हे. चालण्याच्या दृष्टीने तोच अधिक सोयीचा मार्ग आहे. मात्र त्यासाठी आधी घरी बसून कागदावर थोडे काम करावे लागते.

रेल्वे आत, समुद्र बाहेर

कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरांचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग वाहतुकीस खुला झाला. नकाशावर तो समुद्राला समांतर दिसतो, पण महाराष्ट्रातील बहुतेक स्थानकांवरून समुद्र दिसत नाही. कोकणच्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या होतात. लोहमार्ग त्या खाड्या बराच आत, सह्याद्रीच्या बाजूस ओलांडतो. त्यामुळे खेड, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी या स्थानकांवर उतरलेल्या प्रवाशाला किनारा गाठण्यासाठी आणखी काही अंतर जावे लागते. कोठे ते दहा-पंधरा किलोमीटर असते, कोठे चाळीस-पंचेचाळीस.

हे अंतर एसटी भरून काढते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून खेडोपाडी पोहोचलेली ही व्यवस्था किनाऱ्यावरील लहान गावांनाही तालुक्याच्या ठिकाणाशी जोडते. रेल्वे स्थानकावरून तालुक्याच्या एसटी स्थानकात, तेथून किनाऱ्याच्या गावात, असा हा दोन टप्प्यांचा प्रवास असतो. यातील एक मेख आधीच ओळखून ठेवावी. कोकणात रेल्वे स्थानक बहुधा गावाबाहेर असते आणि एसटी स्थानक गावात. त्या दोहोंमध्ये रिक्षाने जावे लागते, म्हणून गाडी पोहोचण्याची वेळ आणि बस सुटण्याची वेळ यांच्यात निदान तासाभराचे अंतर ठेवणे शहाणपणाचे.

हिशेब शेवटच्या गाडीपासून

सहलीचा बेत आखताना बहुतेक लोक निघण्याच्या वेळेपासून आरंभ करतात. मोटारीवाचून चालायचे असेल, तर आरंभ परतीच्या शेवटच्या गाडीपासून करावा. किनाऱ्याच्या गावातून तालुक्याकडे जाणारी शेवटची बस कितीची, हा पहिला प्रश्न. ती बस हा राखीव निधी समजावा. तो हाताशी असावा, पण खर्चाच्या अंदाजात धरू नये. बेत तिच्या आधीच्या फेरीवर बांधावा. त्या फेरीच्या अर्धा तास आधी चालणे संपावे आणि त्यावरून मागे मोजत सुरुवातीची वेळ ठरवावी. ओल्या, घट्ट वाळूवर सवयीचा मनुष्य तासाला चार किलोमीटर चालतो. बरोबर मुले असतील, शिंपले वेचायचे असतील, वाळू भुसभुशीत असेल, तर अडीच-तीनच धरावेत.

गाड्यांच्या चौकशीत तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली, संध्याकाळी गावाकडे जाणारी गाडी मुक्कामी आहे काय. कोकणात अशा अनेक गाड्या रात्री गावातच थांबतात आणि पहाटे परत फिरतात. स्थानकावरील फलकावर त्या फेरीची वेळ लिहिलेली असते. पण तिच्या भरवशावर राहिलेला प्रवासी गावातच अडकतो. दुसरी, शाळेच्या वेळेला जोडलेल्या फेऱ्या रविवारी व सुटीत धावतात काय. सहली नेमक्या सुटीच्या दिवशी निघतात आणि तेव्हाच या फेऱ्या नसतात. तिसरी, त्याच रस्त्यावरून जाणारी दुसऱ्या गावाची बस आहे काय. फलकावर आपल्या गावाचे नाव नसलेली गाडीही पुष्कळदा त्या गावाच्या फाट्यावर थांबते. ही माहिती स्थानकातील वाहतूक नियंत्रकाकडे मिळते. आदल्या दिवशी त्यांना विचारलेला एक प्रश्न दुसऱ्या दिवशीचे दोन तास वाचवतो.

दुसरे तत्त्व असे की आधी गाडीने दूर जावे आणि मग चालत जवळ यावे. ज्या टोकाला गाड्या कमी, तेथे सकाळी बसने पोहोचावे. चालत मोठ्या गावाकडे यावे. सकाळी बस उशिरा आली तर फारसे बिघडत नाही. थकल्यावर मात्र पाय अशा ठिकाणी थांबावेत, जेथे गाड्या पुष्कळ, प्यायला पाणी, बसायला बाकडे आणि आडोशाला छप्पर आहे. बरोबर स्त्रिया व वृद्ध असतील, तर स्वच्छतागृहाच्या दृष्टीनेही हाच क्रम सोयीचा ठरतो.

तिथी आणि भरती

गाड्यांच्या वेळापत्रकाइतकेच समुद्राचे वेळापत्रक महत्त्वाचे आहे. ओहोटीला वाळूची रुंद, घट्ट वाट मिळते. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते आणि चालणाऱ्याला खडकांवरून किंवा सुरूच्या बनातून जावे लागते. ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशी रोजच्या व्यवहारात मोजली जाते, त्यांना हे वेळापत्रक समजणे अवघड नाही. किनाऱ्यावरील लोकांचा जुना ठोकताळा असा : पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजी वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. ही भरती दिवसा व रात्री अशी दोनदा येते आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. दर दिवशी ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते.

हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी लवकर आणि डहाणूकडे थोडी उशिरा येते. सकाळी सात ते दहा चालायचे असेल, तर द्वितीया ते पंचमी हे दिवस उत्तम. त्या दिवशी ओहोटी सकाळीच असते. दुपारी उशिरा चालायचे असेल, तर द्वादशी ते चतुर्दशी पाहावी. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी जितके दूर जाते, तितकेच वेगाने वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. चढ-उतार कमी, पण ओहोटी ऐन दुपारी, डोक्यावर ऊन. ठोकताळा बेत आखण्यापुरता वापरावा. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकावरून वेळ पडताळावी आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर एखाद्या कोळी बांधवाला विचारावे. त्यांच्या उत्तरापुढे कोष्टकानेही नम्र राहावे.

बोर्डी ते डहाणू

पहिल्यांदा हा प्रयोग करणाऱ्या मुंबईकर कुटुंबाला पश्चिम रेल्वेवरील डहाणूचा किनारा सर्वांत सोपा. चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटरांवरील डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून उपनगरी लोकल धावते. तिच्यापुढचे घोलवड हे स्थानक समुद्रापासून अगदी जवळ आहे, पण तेथे लोकल जात नाही, मोजक्याच गाड्या थांबतात. म्हणून येथे ‘आधी दूर, मग जवळ’ हे तत्त्व नेमके लागू पडते. सकाळच्या गाडीने डहाणू रोडला उतरावे, बसने किंवा वाटून घेतलेल्या रिक्षाने बोर्डी गाठावी आणि तेथून दक्षिणेकडे घोलवड, चिखले, नरपड अशी गावे मागे टाकत डहाणूपर्यंत यावे. संध्याकाळी लोकल हाताशी असते. एक गेली तर दुसरी मिळते.

हा सारा पल्ला बारा-पंधरा किलोमीटरांचा आहे. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला सुरूची रांग आणि तिच्यामागे चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि हंगामात वाडीतून घेतलेला चिकू शहरातील चिकूपेक्षा वेगळा का लागतो, हे तेथेच कळते. ओहोटीला येथे पाणी फार दूर जाते. काही ठिकाणी खडक आणि चिखल लागतो, तेथे सरळ रस्त्यावर यावे. किनाऱ्यालगतचा डहाणू-बोर्डी रस्ता ही या वाटेची मोठी सोय आहे. थकलेल्या माणसाला कोठेही वाळू सोडून रस्त्यावर येता येते आणि बस किंवा रिक्षा धरता येते.

हा किनारा अजून इतका हिरवा राहिला, यामागे कारण आहे. केंद्र सरकारने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला आणि उद्योगांवर मर्यादा घातल्या. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर स्थापन झालेल्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी सांभाळले. बोर्डीचे आणखी एक महत्त्व शिक्षणाच्या इतिहासात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा विचार या परिसरात वाढला. नातवंडांबरोबर चालताना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

कर्दे ते हर्णै

दुसरी वाट दापोली तालुक्यातील. कोकण रेल्वेने खेडला उतरावे, रिक्षाने एसटी स्थानक गाठावे आणि साधारण तासाभरात दापोलीत पोहोचावे. दापोली समुद्रसपाटीपासून उंच, हवा थंड, राहण्याची सोय चांगली. दोन रात्रींच्या मुक्कामाला हे गाव योग्य. सकाळी तेथून बसने कर्दे गाठावे. कर्दे, मुरुड, सालदुरे, पाळंदे आणि हर्णै ही गावे दक्षिणेकडून उत्तरेकडे एकापुढे एक लागतात. वाट कोठे वाळूतून, कोठे नारळी-पोफळीच्या वाड्यांमधील गावरस्त्याने जाते. पल्ला दहा किलोमीटरांच्या आत-बाहेर. हर्णै हे बंदराचे मोठे गाव असल्याने तेथून दापोलीकडे परतण्यास गाड्या अधिक.

मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. किशोरवयात परीक्षेला बसण्यासाठी ते याच गावाहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. इतके चालून गेल्यावर, वयाने लहान दिसतो, या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. जो मुलगा तेवढे चालून रिकाम्या हाताने परतला, त्यानेच पुढे स्त्रीशिक्षणाचे एवढे मोठे कार्य उभारले आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न स्वीकारले. मुरुडच्या वाळूवरून तीन-चार किलोमीटर चालून दमलेल्या मुलांना ही हकिगत ऐकवली, की उरलेली वाट बहुधा तक्रारीवाचून पार पडते.

उत्तरेकडे चालताना समोर हळूहळू सुवर्णदुर्ग वर येतो. मोटारीने हर्णैला पोहोचलेल्याला तो एकदम दिसतो; चालत येणाऱ्याला आधी पाण्यावरची एक काळी रेघ, मग तटाची ओळ, मग बुरूज, असा वाटेत वाढत गेलेला दिसतो. याच तालुक्यातील काही किनाऱ्यांवर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. वाळूवर मोटारी चालवण्याची जी हौस अलीकडे बोकाळली आहे, तिचा भार या घरट्यांवर पडतो. भरतीत रुतलेल्या मोटारी दोरखंडाने ओढून काढण्याचे प्रसंगही वरचेवर घडतात. पायी जाणाऱ्याकडून किनाऱ्याला एवढा त्रास होत नाही. त्याची पावले पुढच्या भरतीने पुसली जातात.

तारकर्ली ते मालवण : एका रविवारची सहल

दुकान सोमवारी उघडायचे आहे, ही अडचण पुष्कळ घरांत खरी असते. तिच्यावर रात्रीची आगगाडी हा उपाय आहे. कोकणकन्या एक्सप्रेस मुंबईहून रात्री उशिरा निघून सकाळी सिंधुदुर्ग जिल्ह्यात पोहोचते. तिची परतीची गाडी संध्याकाळी मडगावहून निघते, रात्री कुडाळला येते आणि पहाटे मुंबईत पोहोचते. शनिवारी वही मिटून निघालेले कुटुंब रविवारी समुद्रकाठी चालून सोमवारी वेळेवर दुकान उघडू शकते. चालक म्हणून कोणाची झोप मोडत नाही.

या सहलीचा हिशेब उलट्या क्रमाने करून पाहावा. रात्री कुडाळची गाडी. म्हणजे आठच्या सुमारास कुडाळात असावे. मालवण-कुडाळ अंतर सुमारे अठ्ठावीस किलोमीटर, बसला तासभर. म्हणजे साडेसहाची बस ही शेवटची मर्यादा आणि सहाच्या आधीची बस हा बेत. अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नेम असतो. तो पाळून बस धरायची, तर पाचला चालणे संपायला हवे. तारकर्ली ते मालवण हे सहा-सात किलोमीटर कुटुंबासह दोन-अडीच तासांचे. म्हणजे अडीचला तारकर्लीच्या वाळूवर उभे राहावे. सकाळी पोहोचून मालवणात स्नान, भोजन आणि थोडी विश्रांती घेण्यास भरपूर वेळ उरतो. ओहोटी दुपारी हवी, म्हणून तिथी द्वादशी-चतुर्दशीच्या जवळची निवडावी. या बसच्या वेळा केवळ हिशेबासाठी घेतल्या आहेत. त्या त्या दिवसाच्या वेळा मालवण स्थानकातच विचाराव्यात.

मुक्काम करणाऱ्यांनी आणखी पुढे, देवबागपर्यंत बसने जावे आणि सकाळी तेथून चालत यावे. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी असलेली वाळूची चिंचोळी जमीन. तिच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. तेथून पुढे वाट नाही. अशा टोकाला मोटारीने आलेला परत फिरतो. बसने आलेला तेथून चालण्यास आरंभ करतो. देवबाग, तारकर्ली, वायरी आणि मालवण, असे हे दहा-बारा किलोमीटर उत्तरेकडे चालत यावे, म्हणजे सकाळचे ऊन उजव्या बाजूला राहते आणि शेवटी सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाच्या बांधणीस आरंभ केला.

घरातील प्रत्येकाची वाट

या वाटांचे एक वैशिष्ट्य कौटुंबिक दृष्टीने महत्त्वाचे आहे. मोटारीत सर्वांना एकाच वेळी निघावे, एकत्रच थांबावे आणि एकत्रच परतावे लागते. घरातील सर्वांत थकलेल्याची गती हीच सर्वांची गती होते, किंवा त्याला गाडीत बसवून ठेवावे लागते. किनाऱ्याला समांतर बसचा रस्ता असेल, तर तरुण मंडळी सारा पल्ला चालू शकतात आणि आजी-आजोबा मधल्या गावापासून दोन किलोमीटर चालून त्यांना मिळू शकतात. ज्याची जेवढी शक्ती, तेवढा त्याचा समुद्र. गाडी चालवता न येणारी व्यक्तीही, मग ती घरातील सून असो की सत्तरीचे आजोबा, स्वतः बेत आखून मैत्रिणी-मित्रांसह निघू शकते. मुलाला सुटी कधी मिळेल, याची वाट पाहत बसावे लागत नाही.

खर्चाची बाजूही अनुकूल आहे. ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या हद्दीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे भाडे आहे आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धे भाडे आहे. वयाचा पुरावा जवळ बाळगावा. अनेक गावे फिरायची असतील, तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास सोयीचा. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते. गणपती, शिमगा आणि मे महिना या काळात ते पाहता पाहता संपते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्व दृष्टींनी बरा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, समुद्र खवळलेला असतो आणि लहान ओहोळही धोक्याचे होतात. तेव्हा किनाऱ्याची वाट टाळावीच.

सामान एका खांद्यावर मावेल एवढेच घ्यावे. पाणी, टोपी, सुती पंचा, ओल्या वाळूत चालतील अशा चपला, दशमी-खाकरा-गूळपापडी असा टिकाऊ फराळ, आणि रिक्षासाठी सुटे पैसे. किनाऱ्यावरील उपाहारगृहांत मासळीचे जेवण प्रधान असते. पण घरगुती खानावळीला आदल्या दिवशी सांगितले, तर शुद्ध शाकाहारी, कांदा-लसणावाचूनचे जेवणही आपुलकीने मिळते. खाडी आडवी आली, तर दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडले अशा ठिकाणी फेरीबोट आहे. तिच्यावर मोटारींना रांगेत थांबावे लागते. पायी आलेला मनुष्य तिकीट काढून सरळ आत जातो.

गैरसोयी नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. बस कधी रद्द होते, कधी बंद पडते, कधी उभ्यानेच जावे लागते. फाट्यावर अर्धा तास ताटकळणे कोणालाही आवडत नाही. त्यासाठी दोन गावांतील रिक्षाचालकांचे क्रमांक लिहून ठेवावेत आणि रिक्षाच्या एका फेरीचा खर्च आधीच बाजूला काढावा. एवढी तरतूद केली, की उशीर संकट होत नाही, केवळ उशीर राहतो.

एका गोष्टीचा विचार मात्र व्यापाऱ्याच्या दृष्टीने करायला हवा. एसटीची प्रत्येक फेरी भारमानावर तोलली जाते. गाडीत माणसे बसली तर फेरी टिकते. रिकामी धावू लागली तर आधी रविवारची जाते, मग दुपारची, मग गावाला सकाळची एक आणि संध्याकाळची एक एवढीच उरते. ती फेरी सहलीच्या प्रवाशापेक्षा गावातील शाळकरी मुलीला, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला आणि बाजाराला जाणाऱ्या बाईला अधिक लागते. शहरातून आलेले सहा जणांचे कुटुंब एखाद्या रविवारी देवबागच्या बसमध्ये बसते, तेव्हा सहा तिकिटे त्या फेरीच्या जमेला लागतात. गिऱ्हाईक नसल्याने दुकान कसे बंद पडते, हे या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

येत्या सुटीचा बेत ठरवताना म्हणून मोटारीच्या किल्लीआधी तीन कागद पुढ्यात घ्यावेत : पंचांग, रेल्वेचे वेळापत्रक आणि किनाऱ्याच्या गावांचा नकाशा. नकाशावर समुद्राकाठची दोन गावे निवडावीत, त्यांतील मोठ्या गावाच्या शेवटच्या बसची चौकशी करावी आणि तेथून मागे मोजत यावे. घरातील एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे हा हिशेब सोपवला तरी चालेल. तिथीची पाऊणपट तो तोंडी करील, आणि चालण्याच्या दिवशी भरती वेळेवर वळली की नाही, हे पाहण्यासाठी सर्वांच्या आधी पाण्याजवळ तोच उभा असेल.